हजेरीचे घोडे

बडोद्याच्या सूरसागर तलावाजवळून खंडेराव मार्केटाच्या रोखाने जाऊ लागले म्हणजे जो दांडिया बाजार लागतो, तेथे गुजराती पाट्यांच्या गर्दीत अजूनही मराठी आडनावे वाचावयास मिळतात, गणपतीच्या दिवसांत पुण्याच्या पेठांतली वाटावी अशी आरती कानी पडते, आणि अरविंद घोष बडोदे कॉलेजात शिकवीत असता ज्या घरात राहिले ते घरही याच रस्त्यावर जतन करून ठेवलेले आहे. ही मराठी वस्ती येथे आली ती व्यापारासाठी नव्हे. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांनी गुजरातेत जम बसविला, १७३४ साली बडोदे कायमचे हाती आले, आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, बारगीर, फडावरचे कारकून, वैद्य, पुराणिक, आचारी असा सारा परिवार दक्षिणेतून येऊन सरकारवाड्याच्या सावलीत वसला. या लोकांना शेत नव्हते आणि दुकानही नव्हते; त्यांची चूल पेटावयाची ती सरकारातून येणाऱ्या तनख्यावर, आणि तो तनखा ठरावयाचा हजेरीपटावर. ज्याचे नाव आणि ज्याचा घोडा त्या पटावर चढला तो असामी. बाकीचा केवळ माणूस.

शिलेदार हा स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा, तर बारगीर हा सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. शिवछत्रपतींचा ओढा पागेकडे अधिक होता, कारण पागेचा घोडा कोणाचा याविषयी वाद उद्भवत नाही. पण पुढे मुलूख वाढला, मोहिमा लांबल्या आणि खजिना रिता राहू लागला, तसतशी शिलेदारी फोफावत गेली, कारण तीत सरकारला घोडा विकत घ्यावा लागत नाही, दाणावैरण पाहावी लागत नाही, आणि घोडा पडला तर नुकसान शिलेदाराचे. मोहिमेच्या आरंभी नालबंदीची रक्कम आगाऊ द्यावी आणि मग इतक्या घोड्यांमागे इतका तनखा असा हिशेब मांडावा, अशी ही रीत. तिचा रोग तिच्या पोटातच होता. तनखा मिळावयाचा तो लढलेल्या घोड्याचा नव्हे, मोजलेल्या घोड्याचा. आणि लढाईत घोडा गमावणाऱ्या शिलेदाराला तर चाकरीलाच मुकण्याची भीती. तेव्हा रणात घोडा पुढे घालण्यापेक्षा मोजणीच्या दिवशी तो रांगेत उभा करणे ज्याला साधले, त्याचा संसार अधिक निर्वेधपणे चालला, यात नवल करण्यासारखे काही नाही.

मग व्हावयाचे ते झाले. शंभर स्वारांची नेमणूक असलेल्या पथक्याने साठ ठेवावे, मोजणीचा दिवस कळताच उरलेले चाळीस घोडे शेजारच्या पथकातून उसने आणावे, तेही न मिळाले तर बाजारातली तट्टे खरारा करून उभी करावी, त्यांवर मोतद्दार आणि भिस्ती यांना पागोटी बांधून बसवावे, आणि पाहणीचा कारकून पुढच्या पथकाकडे वळला की ज्याचे घोडे त्याला परत करावे. मुघल अमलात या विद्येचा चांगलाच अभ्यास झालेला होता. घोड्याला डाग देण्याची आणि स्वाराचा चेहरा लिहून घेण्याची पद्धत अलाउद्दीन खिलजीपासूनची. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ती पुन्हा कसोशीने चालविली, आणि स्वाराचे नाव, बापाचे नाव, मूळ गाव, वर्ण, अंगावरचे तीळ आणि व्रण इतक्या तपशिलाने फर्दा तयार होऊ लागल्या. तरीही त्याच दरबारातला बदाऊनी लिहून ठेवतो की, अमीर लोक आपल्या चाकरांना आणि विणकर, पिंजारी, सुतार, भाजीवाले अशांना शिपायांचा वेष चढवून डागासाठी उभे करीत, आणि जहागीर पदरात पडली की त्यांना निरोप देत. बदाऊनी हा अकबरावर रुष्ट असलेला ग्रंथकार, म्हणून त्याच्या लेखणीचे तिखट थोडे वजा घालावे लागते. पण डागाची पद्धत मुळात काढावी लागली यातच त्याच्या साक्षीला दुजोरा आहे.

हा विषय आज मनात येण्याचे कारण असे की, ज्या धंद्याला हल्ली एसईओ म्हणतात, त्यात हीच खोटी हजेरी क्लोकिंग या नावाने चालते. आता बडोद्यासारख्या शहरातील लहानमोठा व्यापारीही वेबसाइट काढतो, आणि गिऱ्हाइकाने गूगलवर काही शोधले असता आपले नाव पहिल्या पानावर यावे म्हणून त्या कामाचा मक्ता कोणातरी जाणकाराला देतो. ही क्रमवारी लावणारे शोधयंत्र प्रत्येक साइट स्वतः जाऊन पाहते. त्यासाठी गूगलबॉट नावाची एक संगणकीय आज्ञावली अहोरात्र पानामागून पान वाचीत फिरत असते. हा तपासनीस दारात आला की आपले नाव सांगतो, आणि ज्या आयपी पत्त्यावरून तो येतो तो पत्ताही ओळखीचा असतो. तेव्हा सर्व्हरवर अशी योजना करता येते की, तपासनीस आला तर त्याच्यापुढे शब्दांनी गच्च भरलेले, माहितीपूर्ण दिसणारे पान मांडावे, आणि साधा मनुष्य आला तर त्याला भलतेच काही, बहुधा केवळ जाहिरात किंवा त्याने न शोधलेला माल दाखवावा. पाहणीच्या कारकुनापुढे शंभर घोडे आणि रणांगणात साठ, हा तोच व्यवहार. घोडे तेवढे नाहीत.

बडोद्याच्या इतिहासात खोट्या हजेरीच्या या व्यवहाराची फळे लवकर दिसू लागली. गोविंदराव गायकवाड १८०० साली वारले, आनंदराव गादीवर आले, आणि त्यांच्या दुर्बल कारकिर्दीत शहराचा खरा ताबा अरब शिबंदीच्या जमादारांकडे गेला. पगार थकलेला, सावकारांचे कर्ज डोक्यावर, आणि शहराचे दरवाजे अरबांच्या हाती, अशा अवस्थेत शिबंदीची खरी संख्या किती हे विचारण्याचीही कोणाची छाती नव्हती. कारण ज्याला मोजावयाचे तोच दरवाजावर पहारा करीत होता. हरिभक्ती, सामळ बेचर, मंगळ पारेख यांच्या पेढ्या आगाऊ पैसा पुरवीत, त्यावर व्याज चढे, आणि कागदावरच्या शिपायाचा पगार खऱ्या शिपायाच्या पगाराइतक्याच निष्ठेने कर्जखाती पडे. अखेर दिवाण रावजी आपाजीने ईस्ट इंडिया कंपनीची मदत घेतली. मेजर अलेक्झांडर वॉकर रेसिडेंट होऊन आला, आणि १८०२ च्या डिसेंबरात शहराला वेढा घालून अरबांना काढून देण्यात आले, तेही थकबाकीची व्यवस्था लावून देऊनच. खोट्या हजेरीचा दंड अशा रीतीने गायकवाडांच्या राज्याने भरला, आणि तो केवळ रुपयांत भरला असे नाही.

पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. १८१७ च्या पुरवणी तहाने गायकवाडांनी ३,००० घोडेस्वारांचे कंटिंजंट सदैव सज्ज ठेवावे आणि ते कंपनीच्या कामी द्यावे असे ठरले. काठेवाड, महीकांठा आदी प्रांतांत हे स्वार विखुरलेले असत; पगार बडोद्याहून यावयाचा आणि हुकूम गोऱ्या अंमलदारांचा चालावयाचा. स्वार अपुरे, घोडी निकृष्ट, पगार वेळेवर नाही, अशा तक्रारींचा ओघ रेसिडेन्सीकडे सुरू झाला, आणि दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत त्याचा एवढा वाद माजला की मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कमने कंटिंजंटच्या खर्चापोटी काही महाल जप्त केले. १८३२ साली त्याच्या जागी आलेला गव्हर्नर लॉर्ड क्लेअर बडोद्यास आला तेव्हा ते सुटले, पण पगार नियमित व्हावा म्हणून दहा लाख रुपये अनामत ठेवावे लागले. एवढ्यानेही समाधान न होऊन १८३९ साली गायकवाडांच्या खर्चाने आणखी एक घोडदळ, गुजरात इरेग्युलर हॉर्स, उभारण्यात आले, आणि त्याचा वर्षाकाठी सुमारे तीन लाखांचा बोजा १८५७ च्या धामधुमीत खंडेरावांनी इंग्रजांना साह्य केल्यानंतरच उतरला. एका तपासनिसाचा विश्वास उडाला म्हणजे तो परत मिळविण्यास किती काळ लागतो याचा याहून स्पष्ट हिशेब क्वचितच सापडेल.

येथे शिलेदाराची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. इंग्रज अंमलदारांचे अहवाल वाचले तर सारा दोष स्वारांच्या अप्रामाणिकपणाचा आहे असे वाटते, आणि त्या अहवालांवर विसंबून लिहिणाऱ्यांनी तसेच लिहिलेही. परंतु ज्याचा तनखा दोन दोन वर्षे तुंबतो, हाती पडतो तेव्हाही सावकाराची मनोती आणि कारकुनांची दस्तुरी वजा होऊन पडतो, त्याने पटावरची पुरी संख्या प्रत्यक्षात ठेवावी ही अपेक्षा करणारे सरकारही त्या खोटेपणात भागीदारच होते. फडावरच्या मंडळींना उसने घोडे ओळखू येत नसत असे थोडेच आहे! त्यांना ते ओळखू येत, आणि ओळखू न आल्याची किंमतही ठरलेली असे. मल्हारराव गायकवाडांच्या अमलाची चौकशी करण्यासाठी कर्नल मीडच्या अध्यक्षतेखाली १८७३ साली कमिशन बसले तेव्हा त्याच्यापुढे शेतकऱ्यांबरोबर सरदार-शिलेदारही गाऱ्हाणी घेऊन उभे राहिले. नेमणुका काढून घेतल्याची, तनखे कापल्याची. ज्या वर्गावर खोटी हजेरी दाखविल्याचा आरोप, तोच वर्ग मनमानी कपातीचाही बळी होता.

हे लक्षात घेतले म्हणजे आजच्या व्यापाऱ्याचाही न्याय थोड्या सबुरीने करावासा वाटतो. शोधयंत्राची क्रमवारी कोणत्या नियमांनी लागते हे पूर्णांशाने त्याला कोणी सांगत नाही. काल पहिल्या पानावर असलेले त्याचे दुकान आज पाचव्या पानावर का गेले याचा खुलासा मिळत नाही. आणि अशा अंधारात जो मध्यस्थ ‘आपली आत ओळख आहे’ असे सुचवितो त्याच्या हाती तो पैसे ठेवतो. बडोद्याला हा मध्यस्थ फार जुन्या परिचयाचा. १८४७ साली रेसिडेंट होऊन आलेल्या जेम्स आउट्रमने ज्या प्रकरणावरून मुंबई सरकारशी वैर ओढवून घेतले ती बडोद्याची खटपट याच जातीची होती. दावे मुंबईत निकालात निघत, तेथील साहेब बडोद्याच्या फिर्यादीला कधी दिसत नसे, आणि हा न दिसणारा निकालकर्ता आपल्या मुठीत आहे असे भासवून पक्षकारांकडून रकमा उकळणारे दलाल शहरात सुखेनैव वावरत. पुष्कळ प्रसंगी तो पैसा ज्याच्या नावाने घेतला त्याच्यापर्यंत पोहोचतही नसेल. निकाल अनुकूल लागला तर श्रेय दलालाचे, प्रतिकूल लागला तर रक्कम कमी पडली. आउट्रमने १८५१ च्या ऑक्टोबरअखेर या खटपटीचा सविस्तर अहवाल पाठविला, आणि त्याचे पारितोषिक म्हणून गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडने त्यालाच बडोद्याहून हलविले. ते कागद १८५२ मध्ये पार्लमेंटपुढे गेले आणि १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला परत बडोद्यास पाठविले, हे खरे. पण मधल्या काळात बडोद्याच्या लोकांनी जो धडा घ्यावयाचा तो घेतलाच असणार.

त्याच काळातली बहांधारी, म्हणजे हमीची पद्धतही या संदर्भात आठवते. आधी अरब जमादार आणि पुढे कंपनी सरकार एखाद्या दिवाणाच्या, सावकाराच्या किंवा मानकऱ्याच्या जीवित-वित्ताला हमी देई. ही हमी मिळाली की त्या घराण्याची पत वाढे, मग ती वंशपरंपरा सांगितली जाई, आणि अखेर खुद्द महाराजांनाच आपल्या प्रजाजनांवर हुकूम चालविणे कठीण झाले. शोधयंत्राच्या जगातही हमी चालते: एका साइटने दुसरीचा दुवा देणे ही तिच्यासाठी दिलेली हमीच होय, हे तत्त्व धरून लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगलची क्रमवारी रचली, आणि दुवे विकत मिळू लागायला फार वर्षे लागली नाहीत.

आता दंडाविषयी. गूगलच्या नियमांत क्लोकिंग स्पष्टपणे निषिद्ध आहे, आणि सापडल्यास साइटची जागा घसरविण्यापासून ती यादीतून सर्वस्वी वगळण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळावर हीच पाळी आली. जुन्या मोटारींचा जर्मन शब्द पुन्हा पुन्हा भरलेली पाने तपासनिसापुढे आणि वाचणाऱ्याला तत्काळ दुसऱ्याच देखण्या पानावर ढकलून देणारी व्यवस्था, असा तो प्रकार होता. काही दिवसांत ती पाने काढून टाकल्यावर साइट यादीत परत आली. मोठ्या कंपनीला काही दिवसांची शिक्षा झाली. दांडिया बाजारातल्या एखाद्या दुकानदाराला कैफियत ऐकून घेणारा माणूस इतक्या त्वरेने भेटेल काय, ही शंका वाजवी आहे. बीएमडब्ल्यूच्या प्रकरणाच्या आदल्या वर्षी गूगलच्या स्वतःच्याच जाहिरात विभागाच्या साहाय्य-पानांत तपासनिसाला निराळे शीर्षक दिसते असे उघडकीस आले, आणि ती पाने कंपनीने स्वतःच यादीतून काढली. २०११ साली अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानाचे प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढले. ते क्लोकिंगचे नसून विकत घेतलेल्या दुव्यांचे होते, पण एका प्रवासी पेटीच्या शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले दुकान दोन तासांत एकाहत्तराव्यावर गेले. आम्हास या दुव्यांची कल्पना नव्हती, असे दुकानाने सांगितले आणि आपल्या एसईओ सल्लागाराशी असलेला संबंध तोडला. पथक्याने बारगिराकडे बोट दाखवावे तसे ते झाले. पट मात्र पथक्याच्या नावाचा असतो, आणि कपात त्याच्याच तनख्यातून होते.

प्रत्येक वेगळे रूप म्हणजे लबाडी, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मोबाइलवर आटोपशीर पान दाखविणे, मराठी वाचकाला मराठी आणि गुजराती वाचकाला गुजराती मजकूर देणे, किंवा वर्गणीदारांसाठी राखलेला लेख तपासनिसाला तसे उघड सांगून वाचू देणे, यांत दोष मानीत नाहीत. कसोटी एवढीच की, तपासनिसाला जे दाखविले तेच आशयाने येणाऱ्याच्या पदरात पडते की नाही. याहून विचित्र अशीही एक स्थिती आहे: परक्या चोराने साइटमध्ये शिरून अशी योजना करावी की, मालकाने स्वतःचे पान उघडले तर ते नेहमीचे दिसावे, पण गूगलबॉटला तेथे बनावट औषधांच्या किंवा नकली मालाच्या जपानी जाहिराती दिसाव्यात. शिक्षा होते ती बेसावध मालकाला, आणि चूक दुरुस्त करून फेरविचाराचा अर्ज करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते.

बडोद्यात मोजणीचा हा झगडा अखेर मोजणी सोडून देऊनच मिटला. १८८५ साली, तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत, कंटिंजंट मोडण्यात आले आणि त्याच्या ऐवजी गायकवाडांनी इंग्रज सरकारला वर्षाला पावणेचार लाख रुपये द्यावे असे ठरले. घोडा उसना आणता येतो, रुपया तसा आणता आला तरी देणाऱ्याला तो परत मिळत नाही, म्हणून ही तोड दोन्ही पक्षांना पटली असावी. शोधयंत्रांनीही पैशाचा मार्ग फार पूर्वीच खुला केलेला आहे: ज्याला वरची जागा हवी त्याने जाहिरातीचे दाम मोजावे, पाटीवर ‘प्रायोजित’ असे लिहिले जाईल. पण जाहिरातीलाही तपासनीस लागतो, आणि क्लोकिंगचा बाजार आज तेथेच भरभराटीला आलेला दिसतो. २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकने लीडक्लोक नावाची आज्ञावली चालविणाऱ्याविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा दाखल केला, तो याच कारणासाठी: तपासणाऱ्याला निरुपद्रवी पान, आणि वाचणाऱ्याला करोनाच्या, आभासी चलनाच्या नि वजन उतरविणाऱ्या गोळ्यांच्या फसव्या जाहिराती. कंटिंजंटच्या बाबतीत मात्र पावणेचार लाखांची ती रक्कम ठरल्यावर घोडा रांगेत उभा करण्याचे प्रयोजनच उरले नाही.